फिलूमावशीची नोटीस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. वडिलांजवळ नाही, ज्या दोस्तांबरोबर घोषणांनी भिंती रंगवल्या त्यांच्याजवळ नाही, बायकोजवळ तर नाहीच. आणि मला बोलता येत नाही असं थोडंच आहे? बोलणं, लिहिणं, ओरडणं — मी दुसरं केलंय काय? आमच्या घरी पाहुण्यांना बसायला पाट नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. 'कसेल त्याची जमीन' हे मी बाराखडी पुरी येण्याआधी वाचलं होतं — उलटं, खिळ्यांवरून.

तर सांगतो. जरा थांबत सांगेन. सरळ जाता येत नाही अजून.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पंचविशीत होतो, बहरीनला, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात टंकलेखक. किती पेट्या आल्या, किती गेल्या, एवढंच दिवसभर टाइप करायचं. राहायला गुदैबियात, एका खोलीत चौघे. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी खालच्या खानावळीतलं खिडकीजवळचं टेबल माझं असे. चर्चमधून परतणारी वसईकडची माणसं तिथे पत्रं घेऊन यायची. कुणाला वाचून हवं असायचं, कुणाला उत्तर लिहून. मी कुणाकडून काही घेत नसे. लोक मला मास्तर म्हणत. त्या नावाचा मला अभिमान होता — का नसावा? जनतेचा लेखनिक! मी स्वतःला खरंच असं म्हणत असे, मनातल्या मनात.

माझा एक नियम होता. पत्र शब्दन् शब्द वाचायचं. शिव्या असल्या तर शिव्या, रडणं असलं तर रडणं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. तो नियम मी एकदाच मोडला.

फिलोमिना — सगळे तिला फिलूमावशी म्हणत — सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात आया होती. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नाही. प्रार्थना सगळ्या पाठ, पण अक्षर वाचता येत नव्हतं. वसईच्या आतल्या बाजूला तिच्या नवऱ्याची अडीच एकर जमीन होती: भात, थोडा भाजीपाला, एक विहीर, विहिरीजवळ आंबा. ती जमीन लाडक्या नावाचा एक वारली कसत असे. त्याचा बापही तिथेच राबलेला. त्याची झोपडी त्याच जमिनीत. अर्धं भात त्याचं, अर्धं मावशीचं, आणि झोपडी आणि तिच्याभोवतीचा तुकडा कायमचा त्याचा, असं मावशीच्या नवऱ्याने मरताना सांगितलेलं. कागद नव्हता. मावशीच्या लेखी तशी गरजच नव्हती. दोघं बांधावर उभे राहून बोलले होते, संपलं.

हे सगळं मला माहीत होतं. कसं माहीत नसेल? तिची पत्रं मीच लिहीत असे. प्रत्येक पत्रात जावेला निरोप: लाडक्याला सांग, आंब्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. लाडक्याच्या बायकोचा खोकला कसा आहे? लाडक्याला म्हणावं, मी आले की झोपडीवर कौलं घालू. मी ते लिहून घ्यायचो आणि आतून चिडायचो. कौलं घालू म्हणे! मालकीणबाईंचं औदार्य! जमीन कुणाची होती मुळात? इंग्रजांच्या मोजणीत ज्याला सही करता आली त्याचं नाव लागलं. जो डोंगराकडून पहिल्यांदा उतरला, ज्याने रान साफ केलं, त्याचं नाव कुठल्याच रकान्यात आलं नाही. हे मी पत्रकांत वाचलं होतं, पत्रकांत लिहिलंही होतं. आणि ते खोटं नव्हतं — हे मला आजही म्हणायचंय. खोटं ते नव्हतंच.

त्याच सुमारास गोदामातला एक इंग्रज इंजिनिअर परत जाताना पुस्तकांचं खोकं टाकून गेला. त्यात मेक्सिकोच्या जमिनीच्या जुन्या कागदांवर एक जाडजूड पुस्तक होतं. नाहुआ नावाचे लोक. स्पॅनिश राजवट आली तेव्हा त्यांच्याकडे जमिनीचे कागद होतेच, पण चित्रांचे. झाडाच्या सालीच्या कागदावर शेत काढायचं आणि कडेने पायांचे ठसे काढत जायचं. म्हणजे ही हद्द, इथून आम्ही चालत गेलो. शेताची बाजू काठीने मोजायची. पुरी काठी बसली नाही तर उरलेल्यासाठी हात, हृदय, बाण अशी चिन्हं. मग स्पॅनिश कोर्टं आली. कोर्टाने ती चित्रंही बघितली, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षीही घेतल्या, पण सगळं दुभाष्याच्या तोंडून. गावकरी एक सांगायचा, दुभाष्या सांगेल ते लिहिलं जायचं.

मी पेटलो. हे तर आमचंच! तिथल्या आमच्या मराठी मंडळाचं एक हस्तलिखित निघत असे. त्याच्यासाठी मी लेख लिहायला घेतला. 'कागदाने खाल्लेली जमीन'.

आणि त्याच आठवड्यात मावशीची नोटीस आली.

गावाकडून रजेवरून परतणाऱ्या एका नर्सबरोबर आली — सुक्या बोंबलांच्या पुडक्यासोबत, वास लागलेली. मावशीने ती टेबलावर ठेवली, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बघ मास्तर, एवढा मोठा शिक्का तर माझ्या पासपोर्टावरपण नाही. काय केलं मी?"

मी वाचली. आधी मनात. तिथेच नियम मोडला — मी नेहमी पहिल्यापासून मोठ्याने वाचत असे. तहसील कचेरीची होती. लाडक्याने अर्ज केला होता: ही जमीन मी कूळ म्हणून कसतो, माझं नाव लावा. मावशीला हरकत असेल तर तिने अमक्या तारखेला समक्ष यावं. आली नाही तर एकतर्फी निकाल होईल. तारखेला पाच आठवडे होते.

माझं काळीज केवढं उडालं म्हणून सांगू! भीतीने नव्हे, आनंदाने. लाडक्या उठला! ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं लिहीत होतो तो माणूस खरोखर उठला, कचेरीत गेला, म्हणाला — माझं नाव लावा. आणि ह्या क्षणी त्याच्या आणि त्याच्या जमिनीच्या मध्ये काय होतं? एक कागद. तो माझ्या हातात होता.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं — सरळ विचारलं, हे मी लपवणार नाही —

"जायला लागेल का रे? माझी सुट्टी बाकी आहे. सिस्टरला विचारते, ती नाही म्हणायची नाही."

"नको मावशी. नेहमीचंच आहे. शेतसाऱ्याचं."

"मग खलास?"

"खलास."

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला, आणि माझ्यासाठी पुडक्यातले चार बोंबील काढून ठेवले. म्हणाली, तुम्हा लोकांना तळता येत नाहीत, करपवू नकोस.

मी ते खाल्ले. का सांगतोय हे? कारण मला त्या दिवशी काहीही टोचलं नाही. उलट संध्याकाळी मी बंदराच्या बाजूला लांबवर चालत गेलो आणि मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी नुसतं लिहिलेलं नाही, काही केलंय. मी तिला विचारू शकलो असतो. एवढंच म्हणू शकलो असतो, की मावशी, लाडक्याने असा अर्ज केलाय, तुमचं काय म्हणणं? कदाचित ती म्हणाली असती, लावू दे नाव. कदाचित भांडली असती. पण तिला म्हणणं असेल हेच माझ्या डोक्यात आलं नाही. पत्रकांत मालकिणीला म्हणणं नसतं.

आठवडाभराने मंडळात लेख वाचला. दुभाष्यावर मी एक परिच्छेद लिहिला होता, फार टाळ्या पडल्या. 'दोन माणसांच्या मध्ये उभा राहून जो एकाचा आवाज गिळतो' असं काहीतरी. तो परिच्छेद मी नोटीस वाचल्यानंतर लिहिला होता. नंतर. हे पुन्हा वाचा हवं तर. मला त्यात मी दिसलो नाही.

फिलूमावशी पुढच्याच खुर्चीत बसली होती. तिला पायांचे ठसे फार आवडले. मग म्हणाली, ते लोक मग स्वतःच का नाही शिकले वाचायला? मी सांगितलं, शिकले की. एका पिढीत ती नवी अक्षरं शिकले, आपल्या भाषेत मृत्युपत्रं लिहू लागले. माझं हे शेत अमक्याच्या शेताला लागून, ते माझ्या लेकीला, शेजारणी साक्षीदार. मावशीने खुर्ची पुढे ओढली. मग हसत म्हणाली, "मग मलापण शिकव ना मास्तर. सहीपुरतं नाही, सगळं. म्हातारी झाले म्हणून काय झालं?"

नोटीस तिच्या पेटीत होती. तारखेला अजून महिना होता.

मी म्हटलं, बघू, इंशाल्ला. ती हसली. म्हणाली, इथे इंशाल्ला म्हणजे मफी. होणार नाही, असंच ना? मीही हसलो. मी तिला कधीच शिकवलं नाही.

सहा-सात महिन्यांनी जावेचं पत्र आलं. तेही मीच वाचलं, ह्या वेळी शब्दन् शब्द, कारण लपवण्यासारखं माझ्या मते आता काही उरलं नव्हतं. सातबाऱ्यावर लाडक्याचं नाव लागलं होतं. मावशीने मला दोनदा वाचायला लावलं. ती रडली नाही. टेबलावरच्या मिठाच्या बाटलीचं झाकण ती फिरवत राहिली — घट्ट, सैल, घट्ट. मग हळूच म्हणाली, "लाडक्याने? मला न सांगता?"

इथे आलो मी. हेच सांगायचं होतं. नोटीस लपवली हा माझा सगळ्यात मोठा गुन्हा नाही. नोटीस लपवली तेव्हा मी निदान काहीतरी मानत होतो. पण त्या टेबलावर मला कळलं, की आता ही तारखा जुळवील. ही विचारील, कळवलं कसं नाही कुणी? मग तो शिक्क्याचा कागद हिला आठवेल. आणि मी, जो लाडक्याचा कैवारी, मी तिच्याकडे न बघता म्हणालो —

"माणसाचा काय भरवसा, मावशी. ही लोकं अशीच."

ही लोकं. मी म्हणालो हे. माझ्या तोंडाने. ज्या तोंडाने मी...

जाऊ दे. म्हणालो.

तिने मान हलवली. मास्तर म्हणतो म्हणजे तसंच असणार. त्यानंतर तिने पत्रात लाडक्याचं नाव घेतलं नाही. आणि आणखी एक झालं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. ती दर शुक्रवारी चर्चमध्ये जाई, पण कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची वेळ आली की बाहेर येऊन बाकावर बसे. तिच्याबरोबरच्या नर्सने मला सांगितलं. मनात एका माणसाबद्दल विष ठेवून मी ते कसं घेऊ, असं म्हणाली होती म्हणे. लाडक्याला माफ करता येत नाही, आणि माफ केल्याशिवाय कम्युनियन घेता येत नाही. मी धर्म मानत नाही. पण जी बाई उपाशी राहते ती कशासाठी उपाशी राहते, हे बघायला धर्म लागतो का?

दोन वर्षांनी मी सुट्टीवर गेलो तेव्हा वसईला उतरलो. कुणाला न सांगता. मला माझा न्याय बघायचा होता — खरंच, डोळे भरून. लाडक्या आपल्या शेतात उभा आहे, असं काहीतरी मी मनात रंगवलं होतं.

शेत नव्हतं. पत्र्याची गोदामं होती, फाटक होतं. विहीर बुजवलेली. फाटकाबाहेर नाल्याच्या कडेला झावळ्यांचा आडोसा, त्यात लाडक्या. आंबा कुठे होता ते त्याने हात करून दाखवलं.

मी सांगितलं, बहरीनहून आलो, फिलूमावशीच्या ओळखीचा. तो उठून उभा राहिला. मग तुटक तुटक सगळं बाहेर पडलं. विटांच्या ठेकेदाराचा माणूस आला होता. झोपडीला घरनंबर मिळेल म्हणाला, अंगठा घेतला. पुढे जीपमधून कचेरीत नेलं. तेव्हा लाडक्याला उमगलं की जमिनीचं काही आहे. पण तो घाबरला नाही. का घाबरला नाही? कारण कुणीतरी म्हणालं, मालकिणीला कागद गेलाय. म्हणजे बाय येणार. बाय आली की तिच्यासमोर सगळं बोलू.

"मी कचेरीच्या दारात बसून होतो," तो म्हणाला. "बाय आली नाय. साहेब विचारतो, जमीन कसतो कोण? मी काय सांगू? मीच कसतो. खोटं कसं बोलायचं?"

नाव लागलं. आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या नावावर सहजी होत नाही, हे ठेकेदाराला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून त्याने ती आपल्या नावावर केलीच नाही. आणखी एक अंगठा, नव्याण्णव वर्षांचा भाडेकागद. म्हणजे सातबाऱ्यावर आजही मालक लाडक्याच आहे. जाऊन काढा उतारा. माझ्या सगळ्या पत्रकांत मागितला होता तसा, निर्मळ, न्याय्य उतारा. आणि मालक फाटकाबाहेर, नाल्यावर.

जर ती त्या दिवशी नुसती तिथे आली असती — काही बोलली नसती, नुसती उभी राहिली असती — तर त्या दोघांनी एकमेकांकडे बघून जे काही ठरवलं असतं ते ठेकेदाराच्या वकिलाला कागदावर आणता आलं नसतं. तिची सुट्टी बाकी होती. सिस्टर नाही म्हणणार नव्हती.

निघताना लाडक्याने निरोप दिला. "बायला सांगा, अंगठा कशावर घेतला मला ठाव नव्हतं. आणि आंबा मी तोडला नाय."

मी हो म्हणालो. परत आलो. पहिल्याच शुक्रवारी मावशी भेटली, तिने विचारलं गावाकडे पाऊसपाणी कसं आहे. मी म्हटलं, बरं आहे. बस. कारण निरोप दिला असता तर तिने लगेच विचारलं असतं, तू तिकडे कशाला गेला होतास? आणि मला कागद पाठवला होता म्हणे, तो कुठला? तोंड उघडायचं आणि मिटायचं. किती शुक्रवार असतात सांगा वर्षात?

दरम्यान मी लिहीत होतो. जमिनीवर, कामगारांवर, खोट्या कागदांवर. लोक म्हणायचे, ह्याच्या लेखणीत आग आहे.

मावशी गावी परतली नाही. कुठे परतणार होती? जावेच्या घराच्या मागच्या पडवीत? ती कामावर राहिली, मुदतीमागून मुदत. मग पोटात गाठ निघाली. ज्या इस्पितळात तिने इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या, तिथेच खाटेवर आली. मी जात असे. पत्रं आता नसायचीच, तरी जात असे.

एका सकाळी फादर यायचे होते. ती नीट बसली होती, केस विंचरलेले, आणि आवाज अगदी बारीक. मला जवळ बोलावून म्हणाली, "मास्तर, तू शिकलेला आहेस. खरं सांग. लाडक्याला माफ करून टाकू का? एवढी वर्षं धरून बसले मी."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. वॉर्डात आणखी तीन बायका होत्या, त्यातली केरळची एक बाई नर्सशी कशावरून तरी हुज्जत घालत होती. म्हणजे सगळं रोजच्यासारखं होतं. मला घाई नव्हती, कुणी मला अडवत नव्हतं, फादर यायला पाऊण तास होता. एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य शंभरदा रचलं होतं, मला वाक्यं रचता येतात.

मी म्हटलं, "करा मावशी."

तिने माझा हात थोपटला, जसं काही मी तिला मोठं ओझं उतरवायला मदत केली. फादर आले. तिने मला जाऊ दिलं नाही, राहा म्हणाली, तुझ्यापासून काय लपवायचं. आणि मोठ्याने, नावानिशी, ज्याने तिचं काहीही घेतलं नव्हतं त्या माणसाला तिने माफ केलं. मग कम्युनियन घेतलं — सात वर्षांनी. मी खाटेच्या पायाशी उभा होतो.

चार दिवसांनी ती गेली. बहरीनलाच पुरली.

जावेला कळवणारं पत्र मी लिहिलं. आजार, तारीख, दफन, पेटीत काय काय निघालं ते सगळं. पेटीतली नोटीस आधीच काढून घेतली होती. लाडक्यासाठी त्या पत्रात एक ओळही लिहिली नाही. त्याला कुणी माफ केलंय हे त्याला ठाऊक नाही, आणि कशाबद्दल, हेही नाही.